उष्णतेचा ताण आणि द्राक्षाची गोडी : मराठवाड्यातील बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी अर्धा सरला की तुळजापूर, औसा आणि जालना पट्ट्यातील बागांमध्ये एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते : ऊन तर वाढले, मग गोडी का भरेना? पुढील प्रश्नोत्तरे या शंकेभोवतीची आहेत. वेलीची शरीरक्रिया जगभर सारखीच असते. तारखा, वाण आणि अडचणी मात्र आपल्या भागातील घेतल्या आहेत.

ऊन जितके जास्त, तितकी गोडी जास्त, हे खरे नाही का?

हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे दरवर्षी अनेक बागांचे नुकसान होते. साखर मण्यात तयार होत नाही. ती पानात तयार होते आणि मण्यात फक्त साठवली जाते. त्यामुळे गोडीचा विचार करताना घडाकडे पाहण्याआधी पानाकडे पाहावे लागते. द्राक्षाच्या पानाचे प्रकाशसंश्लेषण साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसला सर्वांत चांगले चालते. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की ते उतरणीला लागते आणि चाळिशी ओलांडल्यावर पान दिवसाचा मोठा भाग जवळजवळ बसून काढते. प्रकाशाचेही तसेच आहे. भर दुपारी जितका प्रकाश पडतो, त्याच्या साधारण निम्म्यातच एका पानाची गरज भागते. वरचा प्रकाश साखर वाढवत नाही, पान तापवतो.

दुसऱ्या बाजूला श्वसन आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे तापलेल्या दिवशी वेलीची कमाई घटते आणि त्याच दिवशी तिचा घरखर्च वाढतो. रात्रीही उकाडा राहिला, तर दिवसभर साठवलेल्यातील बराच वाटा रात्रीच खर्ची पडतो.

थंडीतही गोडी भरत नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा मण्याची वाढ मंदावते आणि नंतर ऊब आली की बाग चालू लागते. हा अनुभव सर्वांना असतो. त्यातूनच ‘ऊन म्हणजे गोडी’ ही समजूत पक्की झाली असावी. जानेवारीच्या उबेबद्दल ती बरोबर आहे, मार्चच्या झळांबद्दल नाही.

पानात तयार झालेली साखर मण्यापर्यंत पोहोचते तरी कशी?

पानात तयार झालेली साखर सुक्रोजच्या रूपात सालीखालच्या रसवाहिन्यांत, म्हणजे फ्लोएममध्ये, भरली जाते. हे भरणे आपोआप होत नाही. पेशीच्या पडद्यावरील खास वाहक प्रथिने ऊर्जा खर्च करून सुक्रोज आत ओढून घेतात. रसवाहिनीत साखर दाटली की शेजारच्या जलवाहिनीतून पाणी आपोआप तिच्याकडे खेचले जाते आणि पानाच्या टोकाला दाब वाढतो. मण्याच्या टोकाला साखर उतरवली जाते, त्यामुळे तेथील दाब कमी राहतो. या दोन दाबांतील फरकामुळे गोड रस पानाकडून मण्याकडे वाहतो. एर्न्स्ट म्युंख या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली आणि आजही वाहतुकीचे स्पष्टीकरण मुख्यतः तिच्याच आधारे दिले जाते.

तिचा पुरावा आपल्या बागेतच आहे. मण्याच्या फुगवणीसाठी गर्डलिंग करताना खोडावरील सालीची अरुंद कडी काढली जाते. लाकूड तसेच राहते, म्हणून मुळांकडून वर येणारे पाणी थांबत नाही आणि वेल सुकत नाही. साल तुटल्यामुळे पानांकडून मुळांकडे उतरणारी साखर मात्र वरच अडते आणि घडांच्या वाट्याला जास्त येते. काही दिवसांनी त्या कडीला हात लावून पाहावे : वरच्या कडेला फुगीर, गोलसर गाठ धरलेली असते आणि खालची कड तशीच सपाट असते. साखरेची वाट सालीतून जाते, हे यापेक्षा स्पष्ट कोणतेही चित्र सांगणार नाही.

मण्यात पोहोचल्यावर सुक्रोज तसेच राहत नाही. इन्व्हर्टेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करते आणि पेशीतील मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, ते साठवले जातात. पिकलेल्या द्राक्षात या दोन साखरा जवळजवळ समप्रमाणात असतात. मणी मऊ पडून पिकू लागतो, ज्याला आपण ‘मण्यात पाणी उतरणे’ म्हणतो, त्या सुमारास येथे एक मोठा बदल घडतो. त्यापूर्वी रस पेशीपेशींतील सूक्ष्म मार्गांतून सरळ मण्यात शिरतो. पाणी उतरू लागल्यावर तो आधी पेशींबाहेरच्या जागेत सोडला जातो आणि तेथून वाहक प्रथिने साखर आत घेतात. त्याच सुमारास जलवाहिनीतून मण्याकडे येणारा प्रवाह खूप घटतो. पुढे मण्यात येणारे पाणीदेखील मुख्यतः साखरेच्या वाटेनेच येते. म्हणून पिकण्याच्या काळात रसवाहिनी मंदावली, तर गोडी आणि फुगवण ही दोन्ही एकाच वेळी थांबतात.

उष्णतेने ही वाहतूक नेमकी कोठे अडते?

ती एकाच जागी अडत नाही, म्हणून एका औषधाने सुटतही नाही.

पहिला अडसर पानातच असतो. हवा तापते आणि कोरडी होते, तेव्हा पर्णरंध्रे मिटतात. ३० अंश व ५० टक्के आर्द्रता असलेल्या हवेपेक्षा ३८ अंश व २० टक्के आर्द्रता असलेली हवा पानातील पाणी सुमारे अडीचपट जोराने ओढते. आपल्याकडे मार्चच्या दुपारी ही दुसरी स्थिती नवलाची नाही. रंध्रे मिटल्यावर पाणी वाचते, पण कर्बवायू आत येत नाही आणि पानाला थंड ठेवणारे बाष्पोत्सर्जनही थांबते. पान आणखी तापते. कर्बवायू पकडणाऱ्या रुबिस्को विकराला कामावर ठेवणारे सहायक प्रथिन उष्णतेला नाजूक असते. ते ढिले पडले की उरलेसुरले कामही मंदावते.

दुसरा अडसर वाटेत असतो. दाबावर चालणाऱ्या या व्यवस्थेला पाणी लागते. पानातच पाण्याची ओढाताण असेल, तर रसवाहिनीत पुरेसा दाब तयार होत नाही. शिवाय रस घट्ट होतो आणि घट्ट रस सावकाश वाहतो. कापसासारख्या पिकांवरील प्रयोगांत असेही दिसले आहे की अचानक आलेल्या तीव्र उष्णतेत रसवाहिनीच्या चाळणीसारख्या पडद्यांवर कॅलोज नावाचा पदार्थ साचतो आणि वाट काही काळ अरुंद होते.

तिसरा अडसर मण्याच्या दाराशी असतो. साखर उतरवून घेणारी वाहक प्रथिने आणि विकरे यांचे काम ऊर्जेवर चालते. मणी फार तापला की त्याच्या पेशींची ताकद स्वतःला सावरण्यात खर्च होते आणि साखर ओढून घेण्याचा जोर ओसरतो. मण्याने साखर घेणे कमी केले की ती मागे पानात तुंबते, आणि तुंबलेली साखर पानाला काम कमी करण्याचा इशारा देते. अशा रीतीने तिन्ही अडसर एकमेकांना वाढवत नेतात.

किती तापमानाला धोका समजावा? हवामान खात्याचा आकडा पुरेसा आहे का?

हवामान खात्याचा आकडा सावलीतील हवेचा असतो, मण्याचा नव्हे. सरळ उन्हात असलेला मणी हवेपेक्षा १० ते १५ अंशांनीही अधिक तापू शकतो. पान रंध्रांतून पाणी सोडून स्वतःला थंड करते. मण्यावर रंध्रे फारच थोडी असतात आणि तीही पुढे मेणाने बुजतात, त्यामुळे त्याला ही सोय जवळजवळ नसते. बातमीत ३६ अंश ऐकून आपण निर्धास्त राहतो, तेव्हा ओळीच्या पश्चिम बाजूचा मणी पंचेचाळिशीच्या पुढे गेलेला असू शकतो. त्या पातळीवर साल आणि गर भाजतात. आधी फिकट, मग तांबूस-तपकिरी चट्टा पडतो आणि मणी त्या बाजूने खचतो. यालाच आपण सनबर्न किंवा उकड्या म्हणतो.

वापरण्याजोगा ठोकताळा असा : सावलीतील कमाल तापमान ३५ अंशांच्या पुढे जाऊ लागले की सावध व्हावे आणि ३८ अंशांच्या पुढे सलग तीन-चार दिवस राहणार असेल, तर त्या लाटेपूर्वीच पाण्याची आणि सावलीची व्यवस्था पूर्ण करावी. हवामान खाते सपाट प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करते ते किमान ४० अंश गाठल्यावर. द्राक्षाचे नुकसान त्याच्या बरेच आधी सुरू झालेले असते.

हे अलीकडेच वाढले आहे, की आम्हालाच तसे वाटते?

वाटते ते खरे आहे. देशातील १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, फेब्रुवारीच्या सरासरी कमाल तापमानाने तसाच उच्चांक गाठला. आपल्या बागांच्या दृष्टीने मे महिन्याच्या उच्चांकापेक्षा फेब्रुवारी-मार्चचे हे उच्चांक अधिक चिंतेचे आहेत, कारण मेमध्ये वेलीवर घड नसतात.

मण्याच्या कोणत्या अवस्थेत उष्णता सर्वांत जास्त मारक ठरते?

फुलोऱ्यात आणि पाणी उतरल्यानंतर. ऑस्ट्रेलियात सेमिलॉन वाणाच्या वेलींना नियंत्रित खोलीत दिवसा ४० अंशांचा ताण देऊन केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फुलोऱ्यात ताण मिळालेल्या वेलींची फुले गळून गेली. पाणी उतरताना आणि पिकण्याच्या मध्यावर ताण मिळालेल्या वेलींत मण्याची वाढ व साखर भरणे थांबले. पानांचे प्रकाशसंश्लेषण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले आणि ते पूर्ववत होण्यास १२ दिवस लागले.

यातील शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लाट तीन-चार दिवसांची असते, पण वेलीचे काम पंधरवडाभर बिघडलेले राहते. ‘आता गारवा आला, मग गोडी का सरकत नाही?’ असे विचारणाऱ्या बागायतदाराला याच कारणाने धीर धरण्यास सांगावे लागते. त्या दिवसांत घाईने फवारण्या वाढवण्याचा उपयोग होत नाही. पान सावरेपर्यंत पाणी नियमित देत राहणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतरचा (घडांसाठी घेतलेल्या फळछाटणीनंतरचा) फुलोरा थंडीच्या दिवसांत येतो, म्हणून फुलोऱ्यातील उष्णतेचा धोका कमी. पाणी उतरण्यापासून काढणीपर्यंतचा काळ हाच मराठवाड्यातील खरा कसोटीचा काळ.

रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाची गोडी मोजणाऱ्या उपकरणावर) आकडा वाढतो आहे. म्हणजे साखर येत आहे ना?

नेहमीच नाही. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण. त्यात बहुतांश साखर असते. हे प्रमाण दोन रीतींनी वाढते : साखर आत आल्याने, किंवा पाणी बाहेर गेल्याने. पाच ग्रॅमचा मणी १८ ब्रिक्सचा असेल, तर त्यात सुमारे ०.९ ग्रॅम घन पदार्थ असतात. उन्हाने अर्धा ग्रॅम पाणी उडाले आणि मणी साडेचार ग्रॅमचा राहिला, तर तेच ०.९ ग्रॅम आता २० ब्रिक्स दाखवतील. आकडा दोनने वाढला. साखरेचा एक कणही आला नाही, आणि वजनात मात्र दहावा हिस्सा गेला.

ओळखण्याची रीत सोपी आहे, पण ती पाळणारे थोडे. ठरावीक वेलींवरून, घडाच्या वरून, मधून, टोकाकडून, उन्हाच्या आणि सावलीच्या बाजूंनी मिळून १०० मणी घ्यावेत. त्यांचे वजन करावे, मग एकत्र रस काढून ब्रिक्स पाहावा. वजन आणि ब्रिक्स यांचा गुणाकार करून शंभराने भागले की त्या शंभर मण्यांतील साखरेचा अंदाज मिळतो. चार दिवसांनी पुन्हा हेच करावे. गुणाकार वाढला तर साखर येत आहे. ब्रिक्स वाढला आणि गुणाकार तिथेच राहिला, तर मणी सुकत आहे आणि काढणी लांबवण्यात फायदा नाही.

फक्त पश्चिमेकडचा एक मणी पिळून बागेचा ब्रिक्स सांगण्याची सवय सोडावी. एकाच घडाचे उन्हाकडचे पाच आणि आतले पाच मणी वेगवेगळे मोजून पाहिले, तर एकच बाग दोन निराळ्या बागांसारखी दिसते. बाहेरचा मणी हाताला गरम, किंचित सैल आणि पिवळसर लागतो. आतला टणक, हिरवट आणि थंड असतो. व्यापारी कोणता मणी तोंडात टाकेल, हे आपल्या हाती नसते.

मोजण्याच्या वेळेचाही विचार करावा. बहुतेक उपकरणे २० अंश तापमानाला प्रमाणित केलेली असतात. ज्या उपकरणात तापमानाची दुरुस्ती आपोआप होत नाही, ते ३० अंशांच्या रसाला सुमारे पाऊण ब्रिक्स कमी दाखवते. म्हणून नमुने रोज सकाळी एकाच वेळी घ्यावेत.

ब्रिक्स १८ असूनही द्राक्ष बेचव का लागते?

कारण चव ही गोडी आणि आंबटपणा यांच्या तोलावर ठरते. द्राक्षात मुख्यतः टार्टरिक आणि मॅलिक अशी दोन आम्ले असतात. टार्टरिक उष्णतेला बरेच टिकते. मॅलिक मात्र पिकताना श्वसनात जळते, आणि तापमान जितके जास्त तितके ते लवकर जळते. उष्ण रात्रींत तर विशेष. साखर मागे राहिली आणि आम्ल आधीच निघून गेले की द्राक्ष गोडही लागत नाही आणि आंबटही नाही, नुसते पाणचट लागते. याउलट थंड रात्रींत पिकलेल्या मालाला १७ ब्रिक्सवरही भरलेली चव असू शकते.

शरद, क्रिमसन यांसारख्या रंगीत वाणांत गोडी येते पण रंग येत नाही, असे का?

रंग देणारी ॲन्थोसायनिन ही द्रव्ये सालीत तयार होतात आणि त्यांची सुरुवात साखर व ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाच्या इशाऱ्याने होते. साधारण ३५ अंशांच्या वर ही द्रव्ये तयार होणे मंदावते आणि तयार झालेली तुटूही लागतात. साखर मात्र त्यातल्या त्यात पुढे जाऊ शकते. म्हणजे एरवी बरोबरीने चालणाऱ्या या दोन गोष्टींची उष्णतेत फारकत होते. रंगाची वाट पाहत घड वेलीवर ठेवला, तर साखर आवश्यकतेपुढे जाते, आम्ल संपते आणि मणी सैल पडतो. अशा वेळी घडांची संख्या मर्यादित ठेवणे आणि घडाला गाळीव, विखुरलेला प्रकाश मिळू देणे उपयोगी पडते. घड थेट उन्हात उघडा करणे उलट अंगाशी येते. रंगासाठी संप्रेरकांची फवारणी करायची असल्यास लेबलवरील शिफारस आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ यांत तडजोड करू नये.

थॉमसन या हिरव्या वाणात येणारी पिंक बेरी (गुलाबी मणी) हीसुद्धा उष्णतेमुळेच का?

केवळ उष्णतेमुळे नाही. रात्री कडक थंडी आणि दिवसा चढते ऊन, असा मोठा फरक पाणी उतरण्याच्या काळात पडला की हिरव्या वाणाचे मणी गुलाबी होतात. हे टाळण्यासाठी पाणी उतरू लागताच घड वर्तमानपत्राच्या कागदाने झाकण्याची पद्धत आहे. तो कागद पुढे उन्हापासूनही राखण करतो.

उष्णता टाळण्यासाठी फळछाटणी केव्हा घ्यावी?

माझ्या मते मराठवाड्यात सर्वाधिक परिणाम करणारा निर्णय हाच आहे आणि त्याला खर्च काहीच नाही. थॉमसन गटातील वाणांत छाटणीपासून सुमारे ९० दिवसांनी पाणी उतरू लागते आणि सुमारे १३० दिवसांनी माल काढणीस येतो, असे धरू. १५ ऑक्टोबरला छाटलेल्या बागेत १३ जानेवारीच्या सुमारास पाणी उतरेल आणि २२ फेब्रुवारीच्या सुमारास काढणी येईल. १५ नोव्हेंबरला छाटलेल्या बागेत पाणी उतरण्यास १३ फेब्रुवारी आणि काढणीस २५ मार्च उजाडेल. म्हणजे पहिल्या बागेची सगळी गोडी मऊ उन्हात भरते, तर दुसरीची ऐन झळांत. थंडीने हे दिवस थोडे मागेपुढे होतात, पण हिशेबाचा अर्थ बदलत नाही.

लवकर छाटणीलाही धोका आहे. परतीचा पाऊस लांबला की कोवळ्या फुटीवर डाऊनी मिल्ड्यू हा बुरशीजन्य रोग येतो आणि घड जिरण्याची (विरून जाण्याची) वा गळकुजीची भीती राहते. त्यामुळे सगळी बाग एकाच दिवशी न छाटता दोन-तीन टप्प्यांत छाटावी, आणि जेथे पाणी लवकर आटते किंवा जमीन हलक्या मुरमाची आहे, तो भाग आधी घ्यावा.

या मातीत द्राक्ष नवे नाही, हे जाता जाता सांगावेसे वाटते. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे लिहून ठेवले आहे. आपण आज वर्षातून दोनदा छाटणी करून एकच पीक घेतो, ते पाऊस आणि उन्हाळा यांच्या मधली कोरडी, सौम्य खिडकी साधण्यासाठी. ती खिडकी आता उन्हाळ्याकडच्या टोकाने, म्हणजे फेब्रुवारीकडून, अरुंद होत आहे.

गोडी वाढावी म्हणून काढणीपूर्वी पाणी तोडावे का?

थंड हवेत, भारी जमिनीत पाणी हळूहळू कमी करण्याला अर्थ आहे. तापलेल्या हवेत, हलक्या जमिनीत एकदम पाणी तोडणे मात्र चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर पाहिल्याप्रमाणे साखरेची वाहतूक पाण्याच्या दाबावर चालते. पाणी तोडल्यावर चार दिवसांत ब्रिक्स दोनने वाढला, असे अभिमानाने सांगितले जाते तेव्हा बहुधा मणी सुकलेला असतो आणि वजन बागेतच राहिलेले असते. त्यानंतर घाबरून एकदम भरपूर पाणी दिले, तर मणी तडकतात.

लाटेचा अंदाज आल्यास आदल्या दोन-तीन रात्री ठिबक चालवून मुळांचा थर ओला करून ठेवावा. उष्ण दिवसांत एका मोठ्या पाळीऐवजी थोडे थोडे, पण नियमित पाणी द्यावे. बोदावर (वेलीच्या ओळीतील मातीच्या वरंब्यावर) उसाचे पाचट किंवा बगॅसचे आच्छादन असेल, तर त्याच पाण्यात मुळे अधिक काळ गार राहतात.

पाणी असेल तरच हे सगळे, हे मी विसरलेलो नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात ‘पाणी नियमित द्या’ असे लिहिताना हात अडखळतो. जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. तेथून घेण्याजोगी गोष्ट ही की फेब्रुवारी-मार्चच्या गरजेचा हिशेब पाऊस संपतानाच मांडावा आणि पाणी कमी असेल, तर घड कमी ठेवावेत. शेततळ्यात पाणी नाही आणि वेलीवर घड मात्र पन्नास, अशा बागेत कोणत्याही उपायाने गोडी येत नाही.

घडाला ऊन लागावे म्हणून पाने काढावीत का?

फार जपून. एक किलो फळ नीट पिकवण्यासाठी पानांच्या एकेरी पडद्यासारख्या विस्तारात सुमारे ०.८ ते १.२ चौरस मीटर पाने लागतात. वाय सांगाड्यासारख्या विभागलेल्या, मोकळ्या विस्तारात ०.५ ते ०.८ चौरस मीटर पुरतात. पान सुमारे १५० चौरस सेंटिमीटरचे धरले, तर ४०० ग्रॅमच्या घडाला वाय पद्धतीत १३ ते २१ निरोगी पाने हवीत. बागेत उभे राहून पाचदहा काड्यांवरील पाने मोजावीत. पुष्कळदा ती दहाच्या आसपासच भरतात आणि त्यांतीलही काही भुरीने किंवा क्षारांनी करपलेली असतात.

हवा खेळावी म्हणून घडाजवळची दोन-तीन जुनी पाने काढायची असतील, तर ती मणी लहान व हिरवे असतानाच आणि सकाळच्या उन्हाच्या, म्हणजे पूर्वेच्या, बाजूने काढावीत. कोवळेपणापासून प्रकाश मिळालेल्या मण्याची साल राठ होते. सावलीत वाढलेला मणी मार्चमध्ये अचानक उघडा केला, तर दोन दिवसांत भाजतो. पश्चिमेकडील बगलफुटी उन्हाळ्याकडे जाताना राखून ठेवाव्यात.

पालाश (पोटॅश) किंवा इतर फवारणीने गोडी वाढते का?

पालाश रसवाहिनीत साखर भरण्यास आणि दाब राखण्यास मदत करते. त्याची खरोखर कमतरता असेल, तर ते दिल्याने फरक दिसतो. पुरेसे असताना आणखी ओतल्याने साखर तयार होत नाही, कारण साखर पालाशापासून बनत नाही. शिवाय पालाश जादा झाले की मॅग्नेशियमचे शोषण अडते, आणि मॅग्नेशियम कमी पडले की साखर पानातच अडकून राहते. देठ परीक्षण (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी) केल्यावाचून ‘शून्य-शून्य-पन्नास’ या पालाशयुक्त खताच्या पाळ्या वाढवू नयेत. आठ दिवसांत गोडी आणण्याची खात्री देणाऱ्या, घटक न छापलेल्या बाटल्यांवर पैसा घालवलेले बागायतदार मी जवळून पाहिले आहेत. निर्यातीच्या मालात अशा बाटलीतून नको ते अवशेष सापडले, तर सगळा प्लॉट अडकतो.

शेडनेट, केओलिन, कागद यांपैकी काय करावे?

कागद स्वस्त आहे, पण मजूर फार लागतात. तो घडाचे रक्षण करतो, पानाचे करत नाही. शेडनेट दोघांचे तापमान उतरवते; मात्र ते दाट असेल आणि जानेवारीपासूनच अंथरले, तर पानाला लागणारा प्रकाश कमी पडून गोडी उलट मागे राहते. पश्चिमेच्या बाजूला, उष्णता वाढल्यावर, पातळ जाळी लावणे हा मध्यम मार्ग बरा. केओलिन ही पांढरी माती पानावर पातळ थराने बसून ऊन परतवते. वाइनच्या किंवा बेदाण्याच्या बागेत ती चालेल, पण खाण्याच्या द्राक्षावर तिचे पांढरे डाग राहतात आणि धुऊन काढताना मण्यावरची लव (मेणासारखा पातळ पांढुरका थर) जाते, म्हणून घडांवर ती उडू देऊ नये.

कमी गोडीचा माल काढून ठेवला, तर तो नंतर गोड होईल का?

नाही. केळी किंवा आंबा काढणीनंतर पिकतो. द्राक्ष पिकत नाही. देठ तुटला की साखरेची वाट बंद होते.

उष्णतेचा परिणाम पुढच्या वर्षीच्या पिकावर होतो का?

होतो. काढणीनंतर उरलेली पाने जी साखर तयार करतात, ती काडी, ओलांडा (खोडाची आडवी फांदी), खोड आणि मुळांत स्टार्चच्या रूपाने साठते आणि खरडछाटणीनंतरची (काढणीनंतर नव्या काड्यांसाठी घेतलेल्या छाटणीनंतरची) पहिली फूट त्या साठ्यावरच निघते. भाजलेल्या पानांनी मार्च काढला आणि घडांनी शेवटची साखरही ओढून घेतली, तर साठा रिता राहतो. मग एप्रिलमध्ये डोळे मागेपुढे आणि अशक्त फुटतात. त्यात पुढील हंगामाचे घड ज्या काडीच्या डोळ्यांत घडतात, ते सूक्ष्म घडणीचे काम मे-जूनच्या उन्हातच चालते आणि त्याला अन्नसाठा लागतोच. म्हणून काढणी आटोपताच पाणी बंद करून बाग वाऱ्यावर सोडू नये. पाने हिरवी आहेत तोवर दोन-तीन आठवडे हलके पाणी आणि थोडे अन्न देऊन मगच खरडछाटणी घ्यावी, आणि नव्या फुटीच्या वेळी उघड्या पडलेल्या ओलांड्यांवर ओल्या बारदानाची किंवा जाळीची सावली करावी.